सहा पै, आठ पै

गेल्या दिवाळीला आम्ही सगळे गणपतीपुळ्याला गावच्या घरी जमलो होतो. गणपतीपुळ्याला आपले घर आहे असे म्हटले की मुंबईकर हटकून ‘काय भाग्यवान तुम्ही!’ म्हणतात. समोर समुद्र, डोंगराच्या पायथ्याशी स्वयंभू गणपतीचे देऊळ, घरामागे माड-पोफळीचे आगर. हे सगळे खरे आहे. पण त्या आगराच्या वाटणीचे कागद आमच्याकडे एका पितळी डब्यात असतात, आणि ते ज्याने एकदा उलगडून पाहिले त्याच्या भाग्याच्या कल्पना जरा बदलतात.

त्या संध्याकाळी ओटीवर दोन ठिकाणी गणित चालले होते. झोपाळ्यावर माझी पाचवीतली नात गृहपाठाची वही घेऊन बसली होती. पलीकडे बाकावर दादा तो पितळी डबा उघडून बसले होते, आणि त्यांच्याकडे पाठ करून ताई सुपारी कातरत होती. दादा आणि ताई ही माझी चुलत-चुलत भावंडे. दादा पाच भावांतल्या थोरल्याचे चिरंजीव, ताई धाकट्याची एकुलती एक. गेली पंधरा वर्षे दोघे एकमेकांशी बोलत नव्हती. जे बोलायचे ते माझ्यामार्फत. कारण काय, तर दोन पै.

आजच्या मुलांना पै म्हणजे काय ते ठाऊक असण्याचे कारण नाही. तिकडे वळण्याआधी झोपाळ्याकडे जाऊ, कारण दोन्हीकडची चूक एकच होती, आणि ती मला आधी झोपाळ्यावर दिसली.

नातीच्या वहीत ‘सममूल्य अपूर्णांक’ असा धडा होता. रिकाम्या जागा भरा : १/२ बरोबर किती छेद ८? तिने झटकन ४ लिहिले. ३/४ बरोबर किती छेद १२? तिने ९ लिहिले. उत्तरे अचूक. मी सहज विचारले, “मग बाळ, १/२ आणि ४/८ यांत मोठा कोणता?”

“४/८,” ती म्हणाली. “आकडे मोठे आहेत ना!”

“आणि १/२ च्या वर एक आणि खाली एक मिळवला तर?”

“२/३. तोपण १/२ एवढाच. वर-खाली सारखंच केलं ना, आजोबा.”

मी तिला रागावलो नाही. खालच्या आकड्याला ज्याने गुणले त्यानेच वरच्याला गुणा, हा नियम तिला शिकवला होता आणि ती तो पाळत होती. गुणल्याने काय होते, हे मात्र तिच्या डोळ्यांपुढे कधी आलेले नव्हते. मी स्वतः शाळेत असताना हा नियम पाठ करून पास झालेला माणूस आहे, त्यामुळे मला बोलायला तोंड नव्हते.

स्वयंपाकघरात वहिनींनी तूप लावलेल्या चौकोनी ताटात नारळाच्या वड्यांचे सारण नुकतेच थापले होते. सुरी अजून लागायची होती. मी ते ताट ओटीवर मागून आणले. मधोमध एक उभी आणि एक आडवी रेघ मारली. चार चौकोन झाले. “यातला एक तुझा. किती?” “१/४.” मग प्रत्येक चौकोनाचे सुरीने दोन-दोन भाग केले. “आता?” ती म्हणाली, “माझे दोन तुकडे झाले.” “आणि सगळे मिळून?” “आठ.” “म्हणजे २/८. तुझी वडी वाढली का?” तिने ताटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि जरा नाराजीनेच म्हणाली, “नाही. तेवढीच आहे.”

गोष्ट एवढीच आहे. खालचा आकडा सांगतो की एकूण तुकडे किती, वरचा सांगतो की त्यांतले आपले किती. सुरी सगळ्या ताटावरून फिरली की आपले तुकडेही दुप्पट होतात आणि एकूणही दुप्पट होतात. तुकडा निम्मा होतो, संख्या दुप्पट होते, वाटा जागचा हलत नाही. २/८ चे पुन्हा १/४ करणे म्हणजे सुरीची एक रेघ पुसून टाकणे. मिळवण्याची गोष्ट मात्र अगदी वेगळी. १/२ चे २/३ करणे म्हणजे दोन तुकड्यांतला एक घेणारा आता तीन तुकड्यांतले दोन उचलतो आहे. ताट तेवढेच, वाटा मात्र वाढला. हे सांगितल्यावर ती हसून म्हणाली, “मग मी तसंच करते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगराच्या प्रदक्षिणेला गेलो तेव्हा तिने स्वतःच हा खेळ पुढे चालवला. गणपतीपुळ्याला डोंगरच गणपतीस्वरूप मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा सगळ्या डोंगराची. सुमारे एक किलोमीटरची वाट आहे. मागच्या बाजूला एके ठिकाणी ती थांबली आणि म्हणाली, “आपण अर्ध्यावर आलो. म्हणजे २/४ वर. म्हणजे ५०/१०० वर. पण उभे आहोत तिथेच.” समुद्राचा वारा, पायाखाली जांभा दगड, आणि पोरीच्या तोंडून निघालेले हे वाक्य. मला वाटते, शाळेत एवढे समजले तरी एक वर्ष सार्थकी लागले.

खरे म्हणजे मराठी माणसाला हे अवघड जायला नको. आपली भाषाच अपूर्णांकांत बोलते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीनला तर ‘औट’ असा स्वतंत्र शब्द. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढे संध्याकाळी मोठ्याने म्हणवून घेत. माझ्या आजीला लिहिता येत नव्हते, पण पाऊणकी तिला सत्तराव्या वर्षीही तोंडपाठ होती. जुन्या हिशेबाच्या वह्यांतून याहून गमतीची गोष्ट दिसते. पाव लिहायचा तर आकड्यापुढे एक उभी दांडी, अर्धा लिहायचा तर दोन दांड्या, पाऊण म्हणजे तीन. ४॥ म्हणजे साडेचार. अर्ध्याला निराळी खूणच नव्हती. अर्धा म्हणजे दोन पाव, इतके ते लिहिणाऱ्याच्या हातात मुरलेले होते. आम्ही आता २/४ बरोबर १/२ असे शिकतो, ते त्या लोकांनी दांड्यांनीच लिहून ठेवले होते.

आता पैकडे येऊ. एका रुपयाचे १६ आणे, एका आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. नाण्यांचा हा हिशेब कोकणात जमिनीलाही लागू होता. गावाची खोती असो, आगर असो की वरकस जमीन असो, सगळी मिळकत म्हणजे १६ आणे आणि प्रत्येकाची तक्षीम आणे-पैंत. खोती कायद्याने १९५० मध्ये गेली, पण तक्षिमांची भाषा राहिली. त्या १९२ या आकड्यात मोठी सोय आहे. त्याचे दोन, चार, आठ, सोळा असे भाग पडतातच, पण तीन, सहा, बारा, चोवीस असेही बिनबाकी पडतात. तीन भाऊ वेगळे झाले तर प्रत्येकी ५ आणे ४ पै, म्हणजे ६४ पै, म्हणजे नेमका १/३. त्या तिसऱ्या हिश्शाचे दोन झाले तर प्रत्येकी २ आणे ८ पै, म्हणजे ३२ पै, म्हणजे १/६. कुठे काही सांडत नाही.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. शंभराची सोय मोठी, ती मी नाकारत नाही. पण एका आण्याचे सव्वासहा पैसे होत आणि सव्वासहा पैशांचे नाणे नव्हते. म्हणून एका आण्याचे ६ पैसे, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ असे कोष्टक ठरले. एकेक आणा तीनदा दिला तर १८ पैसे, एकदम तीन आणे दिले तर १९! आणि तिघांत रुपया वाटायचा झाला तर ३३ पैसे प्रत्येकी, एक पैसा उरतो तो उरतोच. इंग्लंडात १९७१ साली पौंडाचे २४० पेन्स जाऊन १०० झाले, तेव्हा तिथेही तिसरा हिस्सा असाच कायमचा अपूर्ण राहिला. उलट पाच जणांत वाटायचे तर शंभराला काही त्रास नाही, वीस-वीस पैसे. १९२ मात्र पाचावर येऊन अडते. आमच्या घरात नेमके पाच भाऊ निघाले.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. तो पहिला क्रमांक त्यांना दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळाला होता, पण म्हणून कुणी त्यांना निम्मे रँग्लर म्हटले नाही. मान वाटला तरी पुरा राहतो. जमिनीचे तसे नाही.

आगर एक एकराचे, म्हणजे ४० गुंठे. पणजोबा धरून तीन भाऊ, प्रत्येकाला १/३. पणजोबांचे दोन मुलगे, प्रत्येकाला १/६, म्हणजे २ आणे ८ पै. थोरले माझे आजोबा, त्यांना चार मुलगे. ३२ पैंचे चार भाग, प्रत्येकी ८ पै. सरळ हिशेब, आमच्याकडे कधी भांडण झाले नाही. धाकटे ते चुलत आजोबा, त्यांना पाच मुलगे. १९५४ साली घरातल्याच कुणा जाणत्याने वाटणीचा कागद लिहिला. ३२ पैंचे पाच भाग करता प्रत्येकी ६ पै येतात आणि २ उरतात. पै तर सगळ्यांत लहान, तिच्या पोटात आणखी काही नाही. मग त्या गृहस्थाने काय केले असेल? उरलेल्या दोन पै थोरल्याच्या नावावर टाकल्या. थोरला आठ पै, बाकीचे चौघे सहा-सहा पै. बेरीज बरोबर ३२. खाली सगळ्यांच्या सह्या.

पुढे कधीतरी एका कागदावर दादांचा हिस्सा १/२४ असा लिहिला गेला, दुसऱ्यावर ३/७२. ताईने ते पाहिले आणि तिला वाटले, बघा, आठ पैंचे वाढवून आता ३/७२ केले. आकडे मोठे आहेत ना! झोपाळ्यावरची चूक ती हीच. आठ पै म्हणजे ८/१९२, तेच १/२४, तेच ३/७२. नाव तीन, जमीन एकच. पण ताईचा मूळ मुद्दा खोटा नव्हता. पाच सख्ख्या भावांत एकाला आठ आणि दुसऱ्याला सहा का? ती म्हणे, “आमच्या दोन पै परत द्या.” दादा म्हणत, “कागदावर सह्या आहेत, एक पै सुटणार नाही.” एकराच्या दोन पै म्हणजे ४५३॥। चौरस फूट होतात. माड पंचवीस फुटांवर लावतात, त्या मानाने पाऊण माडाची जागा. त्यावर पंधरा वर्षे अबोला.

मला गणिताची विद्या नाही, पण निवृत्तीनंतर ‘लीलावती’चे एक भाषांतर चाळण्याचा नाद लागला आहे. भास्कराचार्यांनी ती इ. स. ११५० मध्ये लिहिली. त्यांच्या नातवाच्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख आपल्या खानदेशात चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, तेव्हा हा घरचाच माणूस. त्यांच्या पुस्तकातला एक कंजूष मला फार आवडतो. त्याने याचकाला दिले ते असे : द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या पाऊण भागाच्या पाचव्या हिश्शाच्या सोळाव्या हिश्शाचा पाव. गुणत गेले की वर ६ येतात आणि खाली ७६८०. एवढे मोठे आकडे पाहून याचकाला क्षणभर बरे वाटले असेल. पण वर-खाली सहाने भागले की उरतो १/१२८०, आणि एका द्रम्माच्या कवड्या होत्या १२८०. म्हणजे दिली एक कवडी! ताईला ३/७२ पाहून जो धक्का बसला त्याच्या अगदी उलटी ही गोष्ट.

त्याच पुस्तकात १/१४ मधून १/६३ वजा करायचे उदाहरण आहे. दोन्ही छेद एकमेकांना गुणून ८८२ करता येतात, पण आचार्य सांगतात की शहाण्याने आधी दोन्ही छेदांना सारख्या आकड्याने भागावे आणि मग गुणावे. १४ आणि ६३ यांना सात जातात, उरतात २ आणि ९, मग समच्छेद होतो फक्त १२६. त्यांतले ९ आणि त्यांतले २, वजाबाकी ७, म्हणजे १/१८. आकडे आटोपशीर राहिले की नजरेत मावतात.

प्रदक्षिणेहून परत आल्यावर मी नातीला म्हटले, “तुझी चौकटींची वही आण.” आमच्या शाखेत एकेकाचा १/२४, आणि पाच भावांत खरा हिस्सा १/६ चा पाचवा, म्हणजे १/३०. २४ आणि ३० यांना सहाने भागले, ४ आणि ५ आले. २४ पंचे १२०, ३० चोक १२०. नातीने बारा बाय दहाचा चौकोन आखला, १२० घरे. सगळे आगर त्या पानावर आले. ४० गुंठ्यांचे १२० भाग, म्हणजे एक घर गुंठ्याचा तिसरा हिस्सा. गुंठा ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. म्हणून एक घर ३६३ चौरस फूट, ३३ फूट लांब आणि ११ फूट रुंद अशी पट्टी.

मग ती रंगवू लागली. इतर दोन शाखांची ४०-४० घरे तिने नुसत्या रेघांनी भरली. आमच्या चौघांची पाच-पाच, झाली वीस. उरलेली वीस घरे पाच भावांची, प्रत्येकी चार. दादा लांबून पाहत होते. म्हणाले, “आणि आठ पैंची किती?” मी सांगितले, १/२४ म्हणजे पाच घरे. “सहा पैंची?” सहा पै म्हणजे १/३२, म्हणजे पावणेचार. दादांना पाऊणकी येते, त्यांना मी काही सांगायची गरज नव्हती. ते आपल्याशीच पुटपुटले : पावणेचार चोक पंधरा, आणि पाच, वीस. कागदाची बेरीज बरोबर. फक्त त्यांच्याकडे एक घर जास्त आणि बाकी चौघांकडे पाव-पाव घर कमी. चार पाव एक.

म्हणजे दोघेही चुकत होते. ताई दोन पै मागत होती, तिच्या निघत होत्या पैचे दोन पंचमांश, ९०॥। चौरस फूट, साडेनऊ फूट लांबी-रुंदीची एक लहानशी खोली. आणि दादा एक पैही सोडत नव्हते, त्यांच्याकडे जास्त होते ३६३ फूट. कागद लिहिणाऱ्याने ‘सहा पै आणि दोन पंचमांश’ असे लिहिले असते तर काय बिघडले असते? पण पै मोडत नाही असे त्याच्या मनाने घेतले होते. पै हे नाणे होते, ते मोडत नाही. हिस्सा कितीही मोडतो. माझे मत विचाराल तर यात लबाडी कुणाचीच नव्हती. अर्थात हे क्षेत्रफळाचे गणित झाले. विहिरीजवळचे एक घर आणि गडग्याजवळचे एक घर ही सारख्या मोलाची नसतात, हे कोकणी माणसाला शिकवायला भास्कराचार्य नकोत.

“आजोबा,” नात म्हणाली, “हे दादाआजोबांचं पाचवं घर कुठल्या रंगात रंगवू?”

मी दादांकडे पाहिले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून आले, चष्मा सावरला आणि म्हणाले, “त्याचे चार भाग कर. चौघांचे चार रंग दे.” पोरीने पट्टी घेऊन त्या घरात एक उभी आणि एक आडवी रेघ मारली, अगदी वड्यांच्या ताटासारखी. दादांनी पानावर बोट ठेवले. “पण ते घर हे नव्हे. गडग्याकडचं धरा.”

ताईने अडकित्ता खाली ठेवला आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा, मला मध्ये न घालता, ती सरळ त्यांच्याकडे वळून म्हणाली, “गडग्याकडचं कशाला? विहिरीकडचं घेईन मी.”